बाजूच्या खोलीतली चटई

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की लोक आधी सुट्ट्या बघतात. नांदेडच्या कंधारकरांच्या घरात आधी भाद्रपद बघितला जाई. महालक्ष्म्या कधी बसतात ते चंद्रप्रभाबाई बघत आणि मग सुनेकडे एक चोरटी नजर टाकत. सून म्हणजे मालविका. यंदा तरी हिला जमेल का, एवढाच त्या नजरेचा अर्थ असे, आणि मालविकाला तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळला होता.

जमायचं नाहीच. तिची पाळी म्हणजे एकदा आला की जायचं नाव न घेणारा पाहुणा. तारखा कितीही मोजा, महालक्ष्म्यांचा मुहूर्त ती बरोबर गाठायची. मग तीन दिवस मालविकाचा मुक्काम स्वयंपाकघरापलीकडच्या बाजूच्या खोलीत. एक चटई, एक तांब्या, एक पांघरूण. आत पुरण शिजल्याचा वास यायचा, आरतीला टाळ वाजायचे, आणि कुणीतरी दाराशी ताट सरकवून जायचं.

चंद्रप्रभाबाई काही सुनेला छळणाऱ्या सासू नव्हत्या. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. एरवी वर्षभर घरात शिवाशिवीचं नाव नव्हतं. पाळीत मालविका गॅसपाशी उभी राहिली तरी कुणी भुवई उचलत नसे. पण महालक्ष्म्यांचं सगळंच निराळं. तेव्हा लातूरजवळच्या मुरुडहून आत्याबाई यायच्या. सासरे उद्धवराव यांची ही थोरली बहीण, आणि लक्ष्म्या तिच्या माहेरच्या असल्यामुळे सोवळ्याची सगळी सूत्रं तिच्या हातात. आत्याबाई रिक्षातून उतरल्या की घर शंभर वर्षं मागं जायचं. उद्धवरावांसारखा निवृत्त इंजिनिअरसुद्धा बहिणीला विचारून पाणी प्यायचा.

या सगळ्यात खरी काळजी वेगळीच होती. मालविका पस्तिशी ओलांडून गेली होती आणि मूल नव्हतं. दोनदा राहिलं ते टिकलं नाही. अंगावरून जाणं इतकं वाढलं की कॉलेजात शिकवता शिकवता एकदा ती फळ्याला धरून खाली बसली. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची ती. दर वर्षी खडूनं गर्भाशयाची आकृती काढायची, बाण मारायची, अस्तर कसं वाढतं आणि कसं गळून पडतं ते सांगायची. स्वतःच्या पोटात काय चाललंय ते मात्र तपासायला उशीर झाला. सोनोग्राफीत पिशवीच्या आत गाठी निघाल्या.

"पिशवीच काढून टाका," असा सल्ला द्यायला माणसं तयारच होती. शेजारीण म्हणाली, मामी म्हणाली, एका डॉक्टरांनीही सुचवलं. आपल्याकडे बाईची पिशवी काढून टाकणं म्हणजे घरातलं जुनं कपाट बाहेर काढावं इतकं सोपं झालंय. मालविका एकच वाक्य धरून बसली. "मला मूल हवंय. पिशवी राहिली पाहिजे."

लातूरला तिची मावसबहीण राहायची. तिनं डॉक्टर महामाया सोनकांबळे यांचं नाव सांगितलं. मूळच्या उदगीरच्या, बोलायला रोखठोक, दुर्बिणीतून गाठी काढण्यात हात बसलेला. मालविका, तिचा नवरा श्रीनाथ आणि चंद्रप्रभाबाई असे तिघं गाडी करून गेले.

डॉक्टरांनी कागदावर पिशवी काढली. मालविका रोज काढायची त्याहून वाईट काढली, पण काढली. मग समोरासमोरच्या भिंतींवर दोन गोळे रेखले.

"गाठी निघतील. त्याची फिकीर नका करू," त्या म्हणाल्या. "माझी फिकीर पुढची आहे. गाठ काढली की तिथं जखम होते. तुमच्या गाठी अशा समोरासमोर हायेत. म्हणजे जखमाही समोरासमोर. आता मला सांगा आजी, लाटलेल्या पुऱ्या एकीवर एक ठेवल्या तर काय होतं?"

"चिकटतात," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"हाव. तसंच आत होतं. भिंतीला भिंत चिकटते. एकदा चिकटून पक्की झाली की पाळी यायला जागा राहत नाही आणि मूल राहायलाही जागा राहत नाही. म्हणून मी आत एक छोटा पाण्याचा फुगा ठेवणार, आठवडाभर. भिंती लांब राहतील. मग अस्तर वाढवायच्या गोळ्या देणार. जखमेवर नवं अस्तर चढलं की चिकटायचा धोका कमी. आणि तरीही मी परत एकदा दुर्बीण घालून बघणार. तेव्हा काही चिकटायला लागलेलं असलं तर ते कोळ्याच्या जाळ्यासारखं असतं, हलक्या हातानं सुटतं. उशीर केला तर त्याचं चामडं होतं."

मालविका मान डोलवत होती. तिला सगळं समजत होतं.

"मधेच डाग दिसला तर घाबरायचं नाही," डॉक्टर उठता उठता म्हणाल्या. "गोळी बंद करायची नाही. काही झालं तरी नाही."

आषाढात ऑपरेशन झालं. गाठी निघाल्या, फुगा ठेवला, आठवड्यानं काढला. मालविका घरी आली ती हलकी होऊन. दूध प्यायची, गोळी घ्यायची, आणि संध्याकाळी गच्चीत बसून श्रीनाथशी नावांबद्दल बोलायची. मुलगी झाली तर अक्षरा. श्रीनाथ बँकेतला माणूस, त्याला कुठलंही नाव चालत होतं. तो फक्त हसायचा. लग्नानंतर इतका हसरा श्रीनाथ तिनं पाहिला नव्हता.

श्रावण सरत आला आणि डाग दिसू लागले. फार नाही, थोडेसे, पण रोज. आता घरात फुलोऱ्याचं बोलणं सुरू झालं होतं. लक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या करंज्या, पुऱ्या, वेण्या, सगळं सोवळ्यात व्हायचं. चंद्रप्रभाबाईंचे गुडघे गेलेले. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "यंदा सुनेचा हात लागू दे गं चंद्रप्रभे. तिचं दुखणं गेलंय ना आता? लक्ष्म्यांची सेवा केल्याबिगर कूस कशी उजवंल?"

फोन स्पीकरवर होता. मालविकाला ते वाक्य लागलं. राग नाही आला. लागलं आणि पटलं, तिच्यासारख्या बाईला पटलं, हे वाईट. बारा महिने विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्याही मनात एक कोपरा असतो, तिथं दिवा लावलेला असतो, आणि तिथं कुणी काही शिकवायला जात नाही.

त्या दुपारी चंद्रप्रभाबाई तिच्या खोलीत आल्या. हातात गोळ्यांचं एक पाकीट होतं. पाळी लांबवायच्या गोळ्या. नांदेडातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात सणाच्या आधी बायका त्या घेतात, दुकानदार नाव न विचारता देतो. लग्न, मुंज, सत्यनारायण, लक्ष्म्या, सगळ्याला हाच इलाज. चंद्रप्रभाबाईंनी स्वतः उभ्या आयुष्यात कितीदा तरी घेतल्या होत्या.

"बघ बाई," त्या म्हणाल्या. "माझा आग्रह नाही. पण तुझं मन होत असेल तर... एवढ्या वर्षांत एकदाही तुझ्या हातानं नैवेद्य झाला नाही. मलाच कसंतरी वाटतं."

"डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, आई."

"त्यांनीच तर डाग दिसून राहिलेत ना? चार दिवस त्या बाजूला ठेव. सण झाला की परत सुरू कर. चार दिवसांनी काय होणार आहे?"

मालविकाला वाटलं, लातूरला फोन करावा. तिनं फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि ठेवून दिला. डॉक्टर महामाया काय म्हणतील ते तिला माहीत होतं. त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत, त्यांना काय समजणार, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची तिला लाजही वाटली. पण फोन काही झाला नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांचं पाकीट कपाटात गेलं आणि सासूबाईंनी आणलेलं पाकीट उशाशी आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डाग थांबवायला तिनं नेमकी भिंती राखणारी गोळी बंद केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आणि चार दिवस कुठले? फुलोरा आधी, सण मग, सवाष्णी मग. तीन आठवडे गेले.

पण त्या महालक्ष्म्या काय झाल्या म्हणून सांगू! अर्धापूरहून श्रीनाथच्या मित्रानं केळीचे खांब पाठवले, मखर सजलं. मालविका ओलेत्यानं वाळवलेलं सोवळं नेसून स्वयंपाकघरात उभी राहिली. डाग थांबले होते. फुलोऱ्याच्या पुऱ्या तिनं लाटल्या, भराभर, लाटून एकीवर एक ठेवल्या, आणि तळायला घेताना त्या सुटेनात. आत्याबाई ओरडल्या, "अगं, मधी पीठ लावावं की! चिकटल्या ना सगळ्या!" सगळ्या बायका हसल्या. मालविकाही हसली. पुऱ्यांचा गोळा करून तिनं पुन्हा लाटायला घेतला. इतकं उघड उघड समोर येऊनही तिला लातूरचा तो कागद आठवला नाही. माणूस सुखात असला की त्याला काही आठवत नाही.

पूजेच्या दिवशी लक्ष्म्यांच्या कोठ्यांमध्ये, म्हणजे त्यांच्या पोटात, गहू-तांदूळ आणि लाडू-करंज्या भरायचा मान आत्याबाईंनी तिला दिला. लक्ष्मीचं पोट रिकामं ठेवायचं नसतं. मालविकानं ओंजळी भरभरून घातलं. लक्ष्म्यांच्या पुढ्यात त्यांची दोन लेकरं बसवतात, त्यांच्या कपाळाला तिनं कुंकू लावलं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळा नैवेद्य तिच्या हातचा. उद्धवराव जेवताना म्हणाले, "आज घराला सून मिळाली." बाजूच्या खोलीला कडी होती. मालविकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुखाचंच होतं.

सण झाला, गोळ्या संपल्या. आता पाळी येईल म्हणून तिनं तयारी करून ठेवली. आला तो एक पुसट डाग, दुपारपर्यंत. मग काही नाही. पुढच्या महिन्यातही तेवढंच.

घरात आनंदीआनंद. वर्षानुवर्षं रक्तानं बेजार झालेल्या बाईला आणखी काय हवं? ऑपरेशन झकास झालं, असं सगळे म्हणाले. लातूरच्या दवाखान्यातून दुर्बिणीच्या तपासणीसाठी फोन आला तर चंद्रप्रभाबाईंनीच घेतला. "एकदम छान आहे तब्येत. काहीच त्रास नाही. दिवाळीनंतर येतो." पुन्हा फोन आला तेव्हा श्रीनाथ बँकेच्या कामात होता. डॉक्टरांच्या गोळ्या परत सुरू करायच्या होत्या, त्या कपाटातच राहिल्या. बरं वाटत असताना औषध घेणारा माणूस विरळा.

संक्रांत गेली तरी दिवस राहिले नाहीत. महिन्याच्या महिन्याला ओटीपोटात कळ यायची, जुनी ओळखीची कळ, मालविका तयार होऊन बसायची, आणि रक्त यायचं नाही. एकदा वर्गात आकृती काढत होती. अस्तर गळून पडतं तिथं बाण मारला आणि तिचा हात थांबला. पोरं वाट बघत राहिली. तिनं फळा पुसला, डोकं दुखतंय म्हणाली आणि घरी आली.

फाल्गुनात पुन्हा तिघं लातूरला गेले. डॉक्टर महामायांनी आधी सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्या पूर्ण झाल्या होत्या?"

"हो, सगळ्या," श्रीनाथ म्हणाला. त्या बिचाऱ्याला तेवढंच माहीत होतं.

मालविकानं सासूबाईंकडे पाहिलं. चंद्रप्रभाबाई पायाखालच्या फरशीकडे बघत होत्या. बोललं नाही तरी चाललं असतं. पण मालविकाला खोटं फार वेळ धरून ठेवता येत नसे.

"नाही झाल्या," ती म्हणाली. "महालक्ष्म्या होत्या. मी त्या बंद केल्या आणि पाळी लांबवायच्या घेतल्या."

डॉक्टरांनी रागवायला हवं होतं. ओरडल्या असत्या तर मालविकाला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या गोळ्या अस्तर वाढू देत नाहीत. वाळवून टाकतात," त्या म्हणाल्या. "त्यानंच झालं असेल असं मी छातीठोक नाही सांगणार. सगळं नीट करूनही कुणाकुणाचं चिकटतं. पण आपण राखण ठेवली होती, ती आपणच उठवली, असं झालं. चला, आधी बघू तर."

दुर्बीण आत गेली ती बोटभर. पुढं वाट नव्हती. डॉक्टरांनी जमेल तेवढं सोडवलं आणि बाहेर येऊन सांगितलं की बरंचसं चामडं झालंय, एका वेळेत सुटायचं नाही, पावसाळ्यात पुन्हा करू. सुटेल का, यावर त्या म्हणाल्या, "प्रयत्न करू." उदगीरची ती रोखठोक बाई प्रयत्न करू म्हणाली, तेव्हाच श्रीनाथचा चेहरा उतरला.

परतताना अहमदपूरला चहाला थांबले. श्रीनाथ गाडीतून उतरून लांब जाऊन उभा राहिला. तो भांडला नाही, काही विचारलंही नाही, आणि तेच मालविकाला सोसेना. गच्चीतलं ते हसू आता परत येणार नाही हे तिला कळलं. मागच्या सीटवर दोघीच राहिल्या. चहाच्या ग्लासांवर साय धरली.

"मीच दिल्या होत्या त्या," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"गिळल्या मी," मालविका म्हणाली.

त्यापुढं त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. चंद्रप्रभाबाईंनी मात्र एक नेम धरला. सकाळ-संध्याकाळ त्या पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन सुनेसमोर उभ्या राहायच्या आणि ती गिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

आषाढात पुन्हा ऑपरेशन झालं. पुन्हा फुगा, पुन्हा गोळ्या. डॉक्टर म्हणाल्या, "आत मोकळं केलंय. पण अस्तर किती उरलंय ते पाळीच सांगेल. या गोळ्यांचा कोर्स संपला की आठवड्याच्या आत पाळी यायला हवी. नुसता डाग नको, चांगली भरभरून यायला हवी. आली तर मला रात्रीतून फोन करा, मी पेढे मागीन. नाही आली..." आणि त्यांनी मालविकाच्या हातावर हात ठेवला. "नाही आली तर मग आपण दुसरं बोलू."

दुसरं म्हणजे आता या पोटी मूल नाही, हे मालविकाला कळत होतं.

कोर्स संपला तो भाद्रपदात, आणि तो आठवडा महालक्ष्म्यांचा. नशीबही काय एकेकाची थट्टा करतं! ज्या पाळीनं आजवर प्रत्येक सण गाठला तिची आता वाट बघायची होती, आणि तीही नेमकी सणातच.

मुरुडहून आत्याबाई आल्या त्या तयारीनिशी. पिशवीतून त्यांनी गोळ्यांचं पाकीट काढलं. "घे गं सूनबाई, आजपासून सुरू कर. गेल्या साली कसं ग्वाड झालं सगळं, तसंच यंदा बी होऊ दे."

मालविका काही बोलायच्या आत चंद्रप्रभाबाईंनी ते पाकीट आत्याबाईंच्या हातातून घेतलं.

"यंदा नको, वन्सं."

"कामून नको? आणि आली मग?"

"येऊ द्या," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "आली तर बसेल बाजूला. मी बघते नैवेद्याचं."

चंद्रप्रभाबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, बाजूच्या खोलीची कडी काढली, झाडून घेतलं, चटई अंथरली. तांब्या घासून पाणी भरून ठेवलं. पांघरूण म्हणून जुनं न घेता आपली मऊ गोधडी घडी करून ठेवली. खिडकीतलं जाळं काढलं. बाळंतिणीची खोली सजवावी तशी त्यांनी ती खोली सजवली. आजवर महालक्ष्म्यांत ज्या रक्ताला त्यांनी स्वयंपाकघरातून लांब ठेवलं त्याचीच आता त्या वाट बघू लागल्या. देवघरात त्यांनी काय मागितलं कोण जाणे. लक्ष्म्यांपुढं हात जोडून असलं मागणं मागणारी त्या घरातली ती पहिलीच बाई असावी.

लक्ष्म्या आल्या. हळदी-कुंकवाच्या पावलांवरून, ताट वाजवत, सोन्याच्या पावली आल्या म्हणत आत आल्या. मालविका उंबऱ्यापाशी उभी होती. सकाळपासून तीनदा न्हाणीघरात जाऊन आली होती. काही नव्हतं.

"मग उभ्यानं काय करून राहिलीस?" आत्याबाई म्हणाल्या. "शुद्ध हायस ना? नेस सोवळं आणि ये."

तिनं सोवळं नेसलं. पुरण वाटलं. फुलोरा आधीच झाला होता, पण नैवेद्याच्या पुऱ्या राहिल्या होत्या. यंदा तिनं प्रत्येक पुरीला पीठ लावलं, एकेक सुटी सुटी करून परातीत मांडली. कुठंही पुरीला पुरी लागू दिली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "शिकली गं बाई!" चंद्रप्रभाबाई पलीकडे भाजी निवडत होत्या. त्यांनी ती परात पाहिली, आणि भाजीचं ताट घेऊन उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या आधी ओटीपोटात कळ आली. मालविकाच्या हातातून पळी पडली. कळ खरी होती, चांगली जोराची होती. तिनं सासूबाईंकडे पाहिलं आणि चंद्रप्रभाबाईंनी डोळ्यांनीच विचारलं. दोघींच्या चेहऱ्यावर एकदमच काहीतरी उजळलं. ती धावत न्हाणीघरात गेली. बराच वेळ बसली. कळ आली तशी ओसरली. पांढरं कापड पांढरंच राहिलं.

ती बाहेर आली तेव्हा चंद्रप्रभाबाई दाराशीच उभ्या होत्या. मालविकानं मान हलवली. आतून आत्याबाईंची हाक आली, "सूनबाई, ये लवकर, कोठ्या भरायच्या हायेत! लक्ष्म्यांची पोटं रिकामी हायेत अजून!"

तिनं कोठ्या भरल्या. गहू घातले, तांदूळ घातले, लाडू ठेवले. धान्य बाहेर सांडत होतं. लेकरांना कुंकू लावताना तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. नैवेद्य झाला, आरती झाली, पंक्ती उठल्या. श्रीनाथ नीट जेवला नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसरा दिवस विसर्जनाचा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्याचाही शेवटचा. सकाळीही काही नाही. दुपारी हळदीकुंकवाला आळीतल्या बायका जमल्या, मखरासमोर दाटीवाटीनं बसल्या. फोटो निघाले. आत्याबाईंचा ऊर भरून आला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "बघा गं बायांनो. न्हाई गोळ्या, न्हाई काही. तरी तिन्ही दिवस सून शुद्ध राहिली. लक्ष्म्यांनी लाज राखली!"

बायकांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, देवीला सगळं कळतं. मालविका वाकून आत्याबाईंच्या पाया पडली. तशी पद्धतच होती. आत्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनापासून, अगदी पोटातून आशीर्वाद दिला, "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला काही माहीत नव्हतं, तिचा काय दोष.

मालविका तशीच वाकलेली राहिली. उठली तेव्हा तिला सासूबाई दिसल्या नाहीत. आत्ता तर मखराशी होत्या.

ती स्वयंपाकघरात गेली. तिथं नव्हत्या. पलीकडे बाजूच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं.

चंद्रप्रभाबाई त्या चटईवर बसल्या होत्या. अंगावर पूजेचं रेशमी सोवळं, कपाळाला मळवट, आणि भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. पाळी जाऊन त्यांना जमाना झाला होता. त्या हुंदके देत नव्हत्या. नुसतं पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. तांब्या भरलेला होता, गोधडीची घडी मोडली नव्हती.

मालविका त्यांच्या शेजारी बसली. तिचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना.

बाहेर शोधाशोध सुरू झाली होती. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा होता, अक्षता टाकून लक्ष्म्या हलवायच्या होत्या. पावलं जवळ आली आणि दार पुरतं उघडलं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. सोवळ्यातली भावजय त्या चटईवर बसलेली बघून त्या ओरडल्याच.

"चंद्रप्रभे! अगं, ऊठ! कुठं बसलीस तू? लक्ष्म्या खोळंबल्या तिकडं!"

त्यांनी उठवायला हात पुढं केला. चंद्रप्रभाबाईंनी सुनेला जवळ ओढलं आणि दुसरा हात आडवा धरला.

"शिवू नका मला, वन्सं," त्या म्हणाल्या. "मी बाजूला बसलेय."